शिबिरं नकोत, मग काय करावं? मुलांचं आरोग्य आणि जिल्हा परिषदेच्या हातातल्या गोष्टी

मराठवाड्यातून पहिल्यांदाच निवडून आलेल्या एका जिल्हा परिषद सदस्य ताईंचा हा प्रश्न आहे. त्या महिला व बालकल्याण समितीवर आहेत. योजना ढीगभर आहेत, तरी गटातल्या अंगणवाड्यांत कुपोषित मुलं दिसतातच, दहावी व्हायच्या आत मुलींची लग्नं लागतात. अशा वेळी सदस्य म्हणून नेमकं काय करावं, गावोगावी आरोग्य शिबिरं घ्यावीत का, असं त्यांनी विचारलं आहे. मी ग्रामीण भागात सरकारी आरोग्यसेवेत बरीच वर्षं डॉक्टर म्हणून काम केलं, पुढे आशा आणि अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणात रमलो. त्या कामात जे दिसलं त्याच्या आधारे उत्तर देतो.

ताई, शिबिरांनी सुरुवात करू नका. मुलं तपासायची व्यवस्था आधीच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. पथकात दोन आयुष डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता असतात, आणि सहा आठवड्यांपासून १८ वर्षांपर्यंतची मुलं ते पाहतात. खरी गळती पुढे आहे. हृदयाला छिद्र निघालं, कानातून पू येतो, नजर कमी आहे असं कळलं, चिठ्ठी दिली, आणि ते मूल जिल्हा रुग्णालयात पोचलंच नाही. बापाचा रोज बुडतो, एसटीचं भाडं लागतं, तिथे कुणाला भेटायचं ते माहीत नसतं. शिबिर घेतलंत तर अशा आणखी पन्नास चिठ्ठ्या तयार होतील. त्यापेक्षा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे गेल्या वर्षभराची संदर्भित मुलांची यादी मागा आणि प्रत्येक नावापुढे एकच विचारा, मूल पोचलं का? न पोचलेल्यांसाठी ठरलेल्या दिवशी तालुक्यावरून एक गाडी आणि सोबत एक माहीतगार माणूस, एवढी सोय लावलीत तरी ते काम शिबिरापेक्षा मोठं होईल.

आता मूळ दुखण्याकडे येतो. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर हजारी १६ होता, देशाचा २८. ही खरीखुरी कमाई आहे. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी उघडून पाहा. पाच वर्षांखालची खुरटलेली, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेली मुलं २००५-०६ मध्ये ४६ टक्के होती. २०१५-१६ मध्ये ती ३४.४ टक्क्यांवर आली आणि २०१९-२१ मध्ये ३५.२. मधल्या काळात रस्ते झाले, मोबाईल आले, दवाखान्यातली बाळंतपणं जवळपास ९५ टक्क्यांवर गेली, आणि खुरटणं तिथेच राहिलं. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुलं तर दोन्ही पाहण्यांत २५.६ टक्के, दशांशाचाही फरक नाही. मुलं जगतात, पण वाढत नाहीत.

असं का होतं हे नीट समजून घेतलंत तर पैसा कुठे लावायचा ते आपोआप कळेल. मरण बहुतेक वेळा काही ठरावीक क्षणांशी बांधलेलं असतं. जन्माचा तास, पहिला आठवडा, न्यूमोनियाची रात्र, जुलाबाचे दोन दिवस. त्या वेळी शिकलेलं माणूस घरात पोचलं की मूल वाचतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने हेच दाखवलं. गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं, त्यांनी नवजात बाळाचं वजन, श्वास, ताप घरी जाऊन पाहिला, गरज पडली तिथे औषधही दिलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले तेव्हा त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले होते. देशाने हे धोरण म्हणून २०११ मध्ये स्वीकारलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते, ते या कामातून आलं. या सगळ्या भेटींचे मिळून केंद्राने तिला २५० रुपये ठरवले आहेत. तुमच्या गटात हे पैसे वेळेवर मिळतात का, हे पहिल्याच बैठकीत विचारा. थकलेला मोबदला हे भेटी कागदावर होण्याचं सगळ्यात साधं कारण आहे.

वाढीला मात्र असा एखादा क्षण नसतो. गर्भापासून दोन वर्षांपर्यंत, रोज, दिवसातून तीन-चार वेळा मूल खाणार तेव्हा ते वाढणार. आशा दिवसातून चार वेळा येऊ शकत नाही, आणि अंगणवाडीतून मिळणारं आहाराचं पाकीट स्वतः भरवत नाही.

आठ महिन्यांच्या बाळाची वाटी एकदा जवळून पाहा. बहुतेक घरांत वरणाचं वरचं पाणी असतं, त्यात थोडा भात कुस्करलेला, चमच्यातून सहज ओघळणारा. आईला वाटतं पचायला हलकं. बाळाचं पोट मुठीएवढं, ते पाण्याने भरतं आणि बाळ तोंड फिरवतं. आईच्या दुधाशिवाय या वयात वरच्या अन्नातून साधारण दोनशे उष्मांक लागतात, नवव्या महिन्यानंतर तीनशे, वर्ष उलटलं की साडेपाचशे. ते या पाण्यातून मिळत नाहीत. तीच खिचडी चमचा तिरका केला तरी पडणार नाही इतकी घट्ट केली, वर एक छोटा चमचा तेल सोडलं तर ४५ उष्मांक वाढले, आणि शेंगदाण्याचं कूट किंवा अंडं मिसळलं तर प्रथिनंही आली. हे सेविकेला ठाऊक आहे, आईलाही सांगितलेलं आहे. तरी २०१९-२१ च्या पाहणीत राज्यातल्या सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांपैकी पुरेसा आहार मिळणारी बाळं दहात जेमतेम एक निघाली.

कारण आई घरी नसते. निंदणीला, कापूस वेचायला ती सकाळी आठला निघते आणि दिवेलागणीला येते. बाळ आजीकडे, नाहीतर आठ-नऊ वर्षांच्या बहिणीकडे. ती पोर काय भरवणार? अंगणवाडीतला गरम ताजा आहार तीन वर्षांपुढच्या मुलांना आहे. त्याखालच्या बाळाला घरी न्यायचा पाकिटातला आहार (टीएचआर) मिळतो. म्हणजे ज्या वयात खुरटणं ठरतं, नेमक्या त्याच वयाचं मूल दिवसभर व्यवस्थेच्या बाहेर असतं. आपण वर्षानुवर्षं आयांना ‘समुपदेशन’ देत आलो, जणू त्यांना कळत नाही म्हणून मुलं खुरटतात. त्यांच्याकडे वेळ नाही. तुमच्या समितीने पाच वर्षांत एकच गोष्ट करायची ठरवली, तर ती पाळणाघर असावी असं माझं ठाम मत आहे.

जिल्हा परिषदेच्या स्वउत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, ग्रामपंचायतीलाही तसंच बंधन आहे. हा पैसा बहुतेक ठिकाणी शिलाई यंत्रं, पिठाच्या गिरण्या आणि प्रशिक्षण वर्गांत जातो. लाभार्थ्यांची यादी करता येते, वाटपाचा फोटो येतो, म्हणून ते सोपं पडतं. त्यातला मोठा वाटा पाळणाघरांकडे वळवा. गावातल्या दोन बायका, अंगणवाडीलगतची एक खोली, सहा महिने ते तीन वर्षांची पंधरा-वीस बाळं, तीन वेळा घट्ट खाणं, दुपारची झोप, आणि शेतावरून आई परतेपर्यंत उघडं दार. वेळ हीच खरी अट आहे. सकाळी दहा ते दुपारी दोन चालणारं पाळणाघर शेतमजुरणीच्या काहीच कामाचं नाही. केंद्राच्या मिशन शक्तीत ‘पाळणा’ योजना आहे, त्यात अंगणवाडीला पाळणाघर जोडता येतं. तुमच्या जिल्ह्यातून किती प्रस्ताव गेले ते विचारा. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यातही कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं आली तर ती सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन नेमायची तरतूद केली होती, आणि ती किती कामांवर पाळली गेली हे तुम्हीच तुमच्या गावात विचारून पाहा. पाळणाघराचा दुसरा फायदा तितकाच मोठा आहे. बाळाला सांभाळणारी ती आठ-नऊ वर्षांची बहीण शाळेत जाते.

दुसरी गोष्ट आकड्यांची. सदस्य म्हणून तुमच्यासमोर दर महिन्याला सॅम (तीव्र कुपोषित) आणि मॅम (मध्यम कुपोषित) मुलांचा तक्ता येईल. आकडा वाढला की अध्यक्ष बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना झापतात, ते पर्यवेक्षिकेला नोटीस काढतात, ती सेविकेवर ओरडते, आणि पुढच्या महिन्यात आकडा खाली येतो. मूल तिथेच असतं. कृपा करून यात सामील होऊ नका. २००५ मध्ये औरंगाबादेतून राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं, देशातलं असं पहिलंच. त्या काळात सगळ्यात आधी धरलेला आग्रह होता तो वजनं खरी घेण्याचा आणि खरी लिहिण्याचा. सापडलेलं मूल म्हणजे वाचवता येणारं मूल, हे खालपर्यंत पोचल्याशिवाय कुठलीही योजना चालत नाही.

खरं मोजणं म्हणजे काय, तेही सांगतो, कारण सदस्य भेटीला गेले की याद्या आणि रांगोळी पाहतात, मोजणी पाहत नाहीत. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी फळीवर निजवून घ्यायची, आणि त्याला दोन माणसं लागतात. एक जण डोकं वरच्या पट्टीला टेकवून धरतो, दुसरा गुडघे हलके दाबून पावलं सरळ करतो आणि सरकती पट्टी टाचेला लावतो. बाळ रडतं, पाय आखडतं. एकटी सेविका हे करायला गेली की लांबी दोन-तीन सेंटिमीटर कमी भरते. लांबी कमी भरली की त्या लांबीला ते वजन ठीक दिसतं, आणि तीव्र कुपोषित मूल पोषण ट्रॅकरमध्ये, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदींच्या ॲपमध्ये, हिरव्या रंगात जातं. मदतनीस हजर आहे का, फळी भिंतीला टांगलेली आहे की वापरात आहे, एवढं तुम्ही एका भेटीत पाहू शकता. दंडघेराची पट्टीही सोबत हवीच. ११.५ सेंटिमीटरच्या आत दंड भरला तर वजनकाटा काहीही म्हणो, ते मूल धोक्यात आहे. वजन-उंचीने सापडणारी आणि दंडाने सापडणारी मुलं नेहमी तीच नसतात, म्हणून दोन्ही करायचं. मग गावातल्या अंगणवाडीतच चालणाऱ्या ग्राम बाल विकास केंद्रात दाखल करायचं, भूक लागत नसेल, ताप किंवा सूज असेल तर थेट पोषण पुनर्वसन केंद्रात. तिथे आई चौदा-पंधरा दिवस थांबते. घरची बाकी मुलं, शेळ्या, मजुरी यांचं काय, हे कुणी विचारलं नाही तर ती तिसऱ्या दिवशी निघून येते. तिच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई वेळेत हातात पडते का, हे विचारण्याचा अधिकार तुम्हाला आहे.

अंड्याबद्दल थोडक्यात. राज्याने आदिवासी भागात २०१५ पासून अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण आणि पुढे लहान मुलांना अंडी किंवा केळी सुरू केली, ते योग्य पाऊल होतं. शाळेच्या पोषण आहारात २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं आलं आणि २०२५ च्या सुरुवातीला त्याचा निधी थांबला. हा निर्णय चुकीचा होता असं मी स्पष्ट म्हणतो. ग्रामीण मुलाला मिळणारं सगळ्यात स्वस्त, भेसळ न करता येणारं उत्तम प्रथिन म्हणजे अंडं. न खाणाऱ्यांना केळं देता येतं, तशी सोय होतीच. लोकवर्गणीतून किंवा सेस फंडातून, म्हणजे जिल्हा परिषदेच्या स्वउत्पन्नातून, निदान तुमच्या गटातल्या शाळांत ते परत आणता येईल.

आता मुलींकडे. खरं तर इथूनच सुरुवात करायला हवी होती, कारण सतराव्या वर्षी आई झालेल्या मुलीचं स्वतःचंच शरीर वाढत असतं, आणि तिच्या पोटी कमी वजनाचं बाळ येण्याचा धोका जास्त. २०१९-२१ च्या पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींत रक्तक्षय ५७ टक्क्यांवर गेला, आधीच्या पाहणीत तो पन्नासच्या आत होता. अठराच्या आत लग्न झालेल्या तरुणी राज्यात २१.९ टक्के, परभणीत ४८ आणि बीडमध्ये जवळपास ४४. यामागचं अर्थकारण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. ऊसतोडीत मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती जोडीला, ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायको. लग्न लावलं की नवा कोयता तयार होतो. आणि सहा महिने कारखान्यावर जाताना वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर गावात ठेवायची, ही आईबापांची भीती खोटी नाही. त्यांना बालविवाहाचे दुष्परिणाम सांगणाऱ्या भित्तिपत्रकाने ती भीती जात नाही. हंगामी वसतिगृह दिवाळीच्या आधी सुरू झालं, मुलींसाठी तिथे रात्री मुक्कामाला बाई असली, तर जाते. हे वसतिगृह टोळ्या निघून गेल्यावर डिसेंबरात उघडून उपयोग नाही.

मुलीला शाळेत धरून ठेवणारी दुसरी गोष्ट म्हणजे एसटी. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस १२५ तालुक्यांत मुलींसाठी आहेत. मी याला आरोग्य योजनाच मानतो. आठवीनंतरची शाळा सहा किलोमीटरवर असेल आणि बस शाळा सुटायच्या आधी अर्धा तास निघत असेल, तर त्या गावातल्या मुलींचं शिक्षण त्या अर्ध्या तासात संपतं. आगारप्रमुखाला भेटून वेळ बदलून घेणं हे आमदाराचं नव्हे, तुमचं काम आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

कायद्याची बाजू अशी की गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी हा ग्रामसेवकच, आता ज्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात तो. त्याला गावातच राहायचं असतं, म्हणून तो एकटा लग्न थांबवायला धजत नाही. तुमचा फोन पाठीशी असेल तर धजतो. मात्र लग्न होऊन गेलेल्या आणि दिवस राहिलेल्या मुलीकडे पोलिसी नजरेने पाहू नका. पोक्सोच्या, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या भीतीने अशा मुली नाव नोंदवत नाहीत, वय लपवतात, सातव्या-आठव्या महिन्यात पहिल्यांदा येतात किंवा थेट कळा सुरू झाल्यावर, आणि जोखीम तिथेच वाढते. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीची ओळख उघड करायची डॉक्टरवर सक्ती नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलं आहे. आशा आणि परिचारिकांना हे कळायला हवं.

लोहाच्या निळ्या गोळ्या आठवड्यातून एकदा शाळेत देतात. मुली त्या खिशात घालतात आणि वाटेत टाकतात, कारण सकाळी उपाशीपोटी घेतली की मळमळतं आणि शौचाला काळं होतं, जे कुणी आधी सांगितलेलं नसतं. पोषण आहाराच्या जेवणानंतर, शिक्षिकेसमोर, पाण्याबरोबर, एवढा बदल पुरतो. शाळा सोडलेल्या मुलींना अंगणवाडीतून मिळायला हव्यात आणि त्याच सगळ्यात जास्त सुटतात.

मुलग्यांचा विषय कुठल्याच बैठकीत निघत नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकता येत नाही, आणि अल्पवयीन मुलाला तंबाखू देणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. तरी शाळेच्या फाटकासमोरची टपरी असतेच. ग्रामसभेचा ठराव घेऊन ती हलवा. दुसरं, शेततळी. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात पडलेलं पोर निसरड्या उतारावरून वर येऊच शकत नाही, पोहता येत असलं तरी. दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात आणि आपण त्याला नशीब म्हणतो. तळ्याला कुंपण आणि कडेला गाठी मारलेला दोर, या दोन गोष्टी झाल्याशिवाय अनुदानाचा शेवटचा हप्ता देऊ नये, असा ठराव करून कृषी विभागाकडे पाठवा. बालमृत्यू कमी करायचं यापेक्षा स्वस्त काम मला माहीत नाही.

किशोरवयीनांसाठी ग्रामीण रुग्णालयात मैत्री क्लिनिक असतं, पण ते सकाळच्या बाह्यरुग्ण वेळेत चालतं, तेव्हा मुलं शाळेत असतात. आठवड्यातून एक दिवस चार ते सहा ठेवायला सांगा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या, मुलींच्या स्वच्छतागृहाच्या आतल्या बाजूलाही, जिथे कुणी पाहत नसताना तो उतरवून घेता येतो.

स्थलांतराबद्दल एक विनंती. महिला व बालविकास विभागाची महा-एमटीएस ही प्रणाली टोळीबरोबर जाणाऱ्या गरोदर बाया आणि मुलांची नोंद ठेवण्यासाठीच आहे. टोळ्या निघायच्या आधी, सप्टेंबरातच गटातल्या प्रत्येक अंगणवाडीची यादी पूर्ण करून घ्या. कारखान्यावरच्या अंगणवाडीत लस आणि आहार मिळण्याचा तोच एक आधार आहे.

जिल्हा परिषदेचं अंदाजपत्रक मार्चमध्ये येतं, पण तरतुदी जानेवारी-फेब्रुवारीतच ठरतात. पाळणाघराचा ठराव त्याआधी समितीत घ्या. गावं निवडताना ज्या अंगणवाडीत दंडघेराने सर्वाधिक मुलं सापडली ती आधी धरा, ज्या गावच्या पुढाऱ्याचा फोन आला ती नको. मसुदा तयार झाला की पाठवा. मानधन, वेळ आणि रोजच्या आहाराचा हिशेब मी तपासून देईन.